फायबर घेतलं तरी ठेका मागेच पडतो

‘फायबरचं इंटरनेट घेतलं की कोथरूडचा तबला आणि न्यू जर्सीची पेटी व्हिडिओ कॉलवर एकत्र वाजते’ हा समज काही जात नाही. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला किती माल जातो. पोचायला लागणारा वेळ वेगळा. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे न्यू जर्सीला एकेरीच ६० मिलिसेकंद, वर ॲपची भर. उशीर ३० मिलिसेकंदांच्या पुढे गेला की दोघं एकमेकांची वाट पाहतात आणि लय ओढली जाते.

त्यापेक्षा वेगवेगळं रेकॉर्ड करा. क्लिक (लय धरून ठेवणारी टकटक) आणि तानपुऱ्याचा ट्रॅक आधी पाठवा, सुरुवातीला चार मात्रा मोजून. प्रत्येकाने फाइल शून्यापासूनच काढायची, तबला दुसऱ्या मिनिटाला येत असला तरी. फाइल वेव्ह (न दाबलेला आवाज), २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. एमपी३ नकोच, तिच्या सुरुवातीला शांततेचा बारीक तुकडा चिकटतो आणि ठेका सरकतो. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या ४८ च्या प्रोजेक्टमध्ये रूपांतर न करता वाजली, तर लय वाढतेच, शिवाय काळी एकचा सूर पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधोमध लटकतो. तबलजी बिचारा हातोडीला दोष देत बसतो.