हिरवं पाणी आणि दोऱ्याचं शेवाळ: नाव एक, औषध वेगळं

गेल्या महिन्यात शेजारच्या वैनींनी कुंपणावरून हाक मारली. "तळ्यात शेवाळ माजलंय हो, काय घालू?" मी विचारलं, "हातात येतं का?" त्या जरा गोंधळल्या. शेवाळ हातात येतं की नाही, हा काय प्रश्न झाला! पण परसातल्या छोट्या तळ्याचं पुढचं सगळं याच उत्तरावर ठरतं. आपण 'शेवाळ' म्हणून ज्याच्या नावाने बोटं मोडतो, ती खरं तर दोन वेगळी दुखणी आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला खतासारखं लागू पडतं.

पहिलं दुखणं हिरव्या पाण्याचं. वाटाण्याची उसळ पातळ झाल्यासारखं पाणी दिसतं आणि वीतभर खोलीवरचा मासाही दिसेनासा होतो. हे एकपेशीय शेवाळ पाण्यात तरंगत असतं. त्यातली क्लोरेलासारखी पेशी काही मायक्रॉनांची, त्यामुळे ती पंचातून गाळली काय किंवा फिल्टरच्या स्पंजातून गेली काय, आरामात पलीकडे निघते. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन उजेडासमोर धरा. ग्लासातही हिरवट झाक राहिली, तर हेच. नाहीतर स्टीलची ताटली सुतळीला बांधून हळूहळू खाली सोडा आणि ती कुठे दिसेनाशी होते ते बघा. अँजेलो सेकी नावाच्या इटालियन धर्मगुरूने १८६५ साली पांढरी तबकडी समुद्रात सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली होती, त्याच युक्तीची ही घरगुती आवृत्ती.

दुसरं दुखणं दोऱ्याच्या शेवाळाचं. यात पाणी अगदी नितळ असतं, पण चिऱ्यांच्या कडेला, पंपाच्या जाळीला आणि कमळासारख्या साळकांच्या देठांना हिरवे केस गुंडाळलेले असतात. दुपारच्या उन्हात त्यात ऑक्सिजनचे बुडबुडे अडकतात आणि अख्खी गादी वर तरंगते. हात लावल्यावर बुळबुळीत लागलं तर बहुतेक स्पायरोगायरा, अकरावीच्या प्रॅक्टिकलला मायक्रोस्कोपखाली बघितलेलं तेच. खरखरीत, ओल्या कापसासारखं लागलं तर क्लॅडोफोरा असण्याची शक्यता जास्त.

दोघांचं जेवण एकच: नायट्रोजन, फॉस्फरस आणि ऊन. म्हणून तर गोंधळ होतो. फरक आहे तो ताटावर बसण्याच्या पद्धतीत. तरंगतं शेवाळ वरच उजेड अडवतं आणि खाली अंधार करतं. तळाशी चिकटलेल्या दोऱ्यांना त्या अंधारात वाढता येत नाही. आता कोणी हिरवं पाणी स्वच्छ केलं, की ऊन थेट तळापर्यंत पोचतं, आणि दोऱ्यांची दिवाळी.

हे मी पैसे मोजून शिकलो. माझं तळं आठ फूट बाय पाच फूट, खोली अडीच फूट, म्हणजे साधारण २,८०० लिटर. एका दुकानदाराने यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा, दिवा गळ्यात मारला, "सगळं शेवाळ जाईल" म्हणून. पंपाने ओढलेलं पाणी या दिव्यासमोरून जातं. २५४ नॅनोमीटरच्या आसपासच्या किरणांनी पेशी निकामी होतात, एकमेकींना चिकटतात आणि मग फिल्टरमध्ये अडकतात. आठवड्याभरात पाणी आरशासारखं झालं, मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. महिन्याभरात चिऱ्यांना दाढ्या फुटल्या. दुकानदार अर्धंच खरं बोलला होता. जे पंपातून जातं तेवढंच दिव्याला दिसतं. दगडाला धरून बसलेला दोरा त्याच्या समोर येतच नाही. शिवाय दिवा निळा पेटलेला दिसला तरी वर्षभरात त्याची धार उतरते, आणि उघड्या दिव्याकडे बघणं डोळ्यांना घातक, हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

हिरव्या पाण्यावर लोक हमखास करतात तो दुसरा उपाय म्हणजे सगळं पाणी उपसून बावीचं, म्हणजे विहिरीचं, ताजं पाणी भरणं. माझ्या मते याच्याइतकी वाया जाणारी मेहनत नाही. ताज्या पाण्याबरोबर नवे क्षार येतात, शेवाळ खाणारे सूक्ष्म जीव मात्र उपशात गेलेले असतात, आणि पंधरा दिवसांत पाणी पुन्हा पोपटी. नव्याने भरलेलं तळं सुरुवातीचे दोन-तीन आठवडे हिरवं होणारच, तेवढा धीर धरावा. डाफ्नियासारखे मोहरीहून बारके जीव वाढले की ते पाणी गाळून काढतात. अर्थात तळ्यात गप्पी माशांची झुंड असेल तर डाफ्निया आधी त्यांच्या पोटात जातो. डासांसाठी गप्पी हव्यातच, त्यामुळे इथे थोडा हिरवेपणा सोसावा लागतो. खरा उपाय सावलीचा. साळकांच्या पानांनी अर्ध्याहून जास्त पाणी झाकलं की तरंगत्या शेवाळाचं ऊनच तुटतं. माडाची सावली विरळ, ती पुरत नाही. आंब्याची पुरते, पण पानगळ सगळी पाण्यात.

दोऱ्याला मात्र हातच लावावा लागतो. खडबडीत काठी किंवा जुना खराटा घालून शेवया गुंडाळाव्या तसा गुंडाळायचा आणि ओढायचा. काढलेला गोळा काठावर तासभर ठेवा, म्हणजे त्यात अडकलेल्या गोगलगायी आणि माशांची पिल्लं दिसतील, ती परत सोडता येतील. मग तो माडाच्या आळ्यात. तो काढून टाकल्याने त्याने खाल्लेला नायट्रोजन आणि फॉस्फरसही तळ्याबाहेर जातो. औषधाने मारलं तर तेच सगळं सडून पाण्यात परत मिसळतं. सडताना ऑक्सिजन इतका ओढला जातो की पहाटे मासे पृष्ठभागावर तोंडं उघडून उभे राहतात.

औषधांवरून आठवलं, मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, घालू नका. आपल्याकडच्या जांभ्या दगडातल्या बावींचं पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं, आणि अशा पाण्यात तांबं माशांना जास्त विषारी ठरतं. तुरटीचंही तेच. मऊ पाण्याचा सामू (पीएच) ती झटकन खाली आणते.

आपल्याकडे या दोन्ही दुखण्यांचं वेळापत्रक आहे. जून ते सप्टेंबर ढग असतात आणि तळं भरून वाहतं, त्यामुळे पाणी आपोआप पातळ होतं. पण याच दिवसांत माडांना शेण आणि खत पडतं, आणि तळ्याचा काठ जमिनीबरोबर असेल तर ते सगळं लाल पाण्याबरोबर आत उतरतं. काठ चिऱ्याच्या एका थराने उचलून घ्या, याच्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. मग चवथ येते. घरचा गणपती परसातल्या तळ्यात किंवा बावीत पोचवणारी घरं अजून आहेत. गणपती पोचवा, पण निर्माल्य आणि माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या आराशीची, फळं वेगळी काढा. ती सडायला लागतात आणि नेमकी ऑक्टोबरची उन्हं पडतात. वैनींचं तळं दरवर्षी दसऱ्याच्या आसपासच हिरवं होतं, ते उगाच नाही.

वैनींना मी काठी फिरवून बघायला सांगितलं. काठी रिकामीच वर आली आणि ग्लासातलं पाणी हिरवं दिसलं. म्हणजे तरंगतं शेवाळ. माशांचं खाणं दिवसातून एकदा आणि दोन मिनिटांत संपेल एवढंच, शिवाय साळकाच्या आणखी दोन कुंड्या, एवढंच सांगितलं. त्यांना बाटलीतलं काहीतरी हवं होतं, तेव्हा थोड्या हिरमुसल्या.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. काठी रिकामी आली, पण पाण्यावर सांडलेल्या रंगासारखा निळसर हिरवा तवंग आणि कुबट वास असेल, तर ते या दोघांतलं काहीच नव्हे. ते सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू, आणि त्यांच्या काही जाती विष तयार करतात. अशा पाण्यात हात घालू नका, कुत्र्याला ते पिऊ देऊ नका, आणि तो तवंग जाईपर्यंत ते पाणी भाजीच्या वाफ्यालाही घालू नका.