सिंगल कॉइल आणि हंबकर: हमिंग वेगळे, जाडपणा वेगळा

जळगाव-धुळ्याकडच्या ऑर्केस्ट्रांत गिटार वाजवणाऱ्यांमध्ये एक समजूत फार पक्की बसली आहे. ती अशी की, हंबकर पिकअप (तारेची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या पिकअपचा दोन कॉइल्सचा प्रकार) हमिंग, म्हणजे विजेची घूं अशी घरघर, खातो आणि हमिंगबरोबर ट्रेबल, म्हणजे वरचे तीव्र सूरही खातो, म्हणून त्याचा आवाज जाड येतो. हमिंग कमी होते हे खरे आहे आणि आवाज बहुधा जाड असतो हेही खरे आहे. परंतु पहिल्यामुळे दुसरे घडते, हे मात्र साफ चूक आहे.

स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीची गिटार किंवा वरातीतला इलेक्ट्रिक बेंजो ज्याने हाताळला आहे, त्याला सिंगल कॉइल, म्हणजे एकाच कॉइलचा पिकअप, नव्याने सांगायला नको. लोहचुंबकाभोवती तांब्याच्या अतिशय बारीक वायरचे हजारो वेढे असतात; चुंबकामुळे वरच्या पोलादी तारेचा तेवढा भाग स्वतःच चुंबकित होतो, तार हलली की वेढ्यांतले चुंबकीय क्षेत्र बदलते आणि सिग्नल तयार होतो. मात्र बदलते क्षेत्र तारेचे आहे की शेजारच्या ट्रान्सफॉर्मरचे, हे वेढ्यांना ओळखता येत नाही. आपल्याकडचा 50 हर्ट्झचा वीजपुरवठा आणि त्याचे 100, 150 हर्ट्झचे पट त्यामुळे बिनबोभाट अँपपर्यंत (अँप्लिफायरपर्यंत) पोहोचतात.

गिटार बनवणाऱ्या गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये ज्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्या हंबकरमध्ये दोन कॉइल्स शेजारीशेजारी असतात आणि त्यांची जोडणी अशी असते की बाहेरून आलेले हमिंग एकीत अधिक असेल तेव्हा दुसरीत उणे असते. बेरीज शून्याजवळ येते. मग तारेचा सिग्नलही याच न्यायाने शून्य का होत नाही? हा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. एका कॉइलच्या पोलांचे वरचे टोक उत्तर ध्रुव असते, तर दुसरीचे दक्षिण. त्यामुळे एकाच तारेचे दोन जवळजवळचे भाग परस्परविरुद्ध चुंबकित होतात आणि तारेच्या एकाच हालचालीतून दोन कॉइल्समध्ये उलट चिन्हांचे सिग्नल निघतात. त्यांपैकी एक सिग्नल जोडणीमुळे पुन्हा उलटतो, म्हणजेच सरळ होतो, आणि दोघांची बेरीज वाढते. हमिंग मात्र एकदाच उलटते, कारण बाहेरच्या क्षेत्राला आपल्या लोहचुंबकाच्या ध्रुवांशी काही देणेघेणे नसते. या सगळ्या व्यवहारात ट्रेबलला कात्री लावणारी एकही पायरी नाही.

ज्याला हे पटत नसेल त्याने अशी स्ट्रॅट (तीन सिंगल कॉइल पिकअपची स्ट्रॅटोकास्टर) घ्यावी, जिच्यात मधला पिकअप उलट वेढ्यांचा आणि उलट ध्रुवांचा आहे. स्विच दुसऱ्या किंवा चौथ्या जागी नेला, म्हणजे मधला आणि शेजारचा पिकअप एकत्र चालू केला, की हमिंग जाते, आणि आवाज जाड होण्याऐवजी आणखी सडपातळ, टणटणीत होतो. उलट गिब्सनचा पी-90 पिकअप पाहावा: कॉइल एकच, हमिंग भरपूर आणि आवाज चांगला भरदार. हंबकरच्याच दोन कॉइल्स सिरीजऐवजी (एकीपाठोपाठ एक) पॅरलल (समांतर) जोडल्या, तर हमिंग तसेच कमी राहते आणि आवाज उजळतो.

जाडपणाची कारणे दुसरीकडे आहेत. दोन कॉइल्स सिरीजमध्ये आल्या की इंडक्टन्स (बदलत्या विद्युतप्रवाहाला होणारा कॉइलचा विरोध) वाढतो; केबलच्या कपॅसिटन्सबरोबर (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेबरोबर) होणारे त्याचे अनुनादाचे शिखर, म्हणजे सिग्नल सर्वाधिक उठतो ती जागा, खालच्या वारंवारतेवर उतरते, आणि त्याच्यापुढचे सूर झपाट्याने मंदावतात. शिवाय दोन कॉइल्स तारेला थोड्या अंतरावरच्या दोन ठिकाणी ऐकतात, त्यामुळे काही वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले सूर) आपसात कटतात. व्हॉल्यूमचा पॉट (आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणामागचा रेझिस्टर) सिंगल कॉइलला 250 आणि हंबकरला 500 किलोओहमचा लावण्याची प्रथा आहे. ती पाळावी, एवढे पुरे.

मल्टिमीटर लावून 'हा आठ के (आठ किलोओहम) आहे, म्हणजे पॉवरफुल' असे सांगणाऱ्यांचा मला विशेष कंटाळा आहे. मल्टिमीटरने मोजलेला हा डीसी रेझिस्टन्स, म्हणजे वायरचा विद्युतप्रवाहाला होणारा विरोध, वायरची लांबी आणि जाडी सांगतो. चुंबकाबद्दल तो काहीच सांगत नाही. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे 0.39 टक्के वाढतो. म्हणजे 25 अंशांना 8 किलोओहम दाखवणारा पिकअप जळगावच्या मे महिन्यात 45 अंशांना साधारण 8.6 दाखवील. उन्हाने त्याची ताकद वाढली, असे कोणी म्हणणार आहे काय?

अहिराणी गाण्यांच्या ठेक्यावर स्वच्छ ऱ्हिदम वाजवायची असेल, तर थोडे हमिंग सोसूनही मी सिंगल कॉइलच निवडीन. जोरदार डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटका केलेला आवाज) हवे असेल तर हंबकर घ्यावा, कारण डिस्टॉर्शनमध्ये हमिंगही तितकेच मोठे होते.

परंतु मांडवात अँपमधून येणारी प्रत्येक घरघर हंबकरने जात नाही, म्हणून पैसे मोजण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. गिटार घेऊन जागच्या जागी वळावे. आवाज कमीजास्त झाला तर तो चुंबकीय आहे आणि हंबकर कामाला येईल, मात्र अँपच्या ट्रान्सफॉर्मरला अगदी खेटून उभे राहिल्यास दोन्ही कॉइल्सपाशी क्षेत्र सारखे नसते व रद्दीकरण अपुरे पडते. तारांना हात लावताच खरखर कमी झाली, तर दोष शिल्डिंगचा (बाहेरचे विद्युत क्षेत्र अडवणाऱ्या धातूच्या आवरणाचा) आहे. तिथे पिकअपच्या खाचेत तांब्याची पट्टी चिकटवून ती ग्राउंडला जोडावी. दोन्हींनी फरक पडला नाही, तर अर्थिंगकडे पाहावे, आणि कीबोर्ड, मिक्सर व अँप यांना शक्यतो एकाच बोर्डावरून वीज द्यावी. प्लगची अर्थची पिन काढून टाकून हमिंग घालवण्याचा उद्योग मात्र कोणीही करू नये. गिटारच्या तारा केबलमार्गे अँपच्या अर्थलाच जोडलेल्या असतात. अँपमध्ये बिघाड झाला, तर तो करंट वाजवणाऱ्याच्या हातात येतो.