नासलेलं वेगळं, दूषित वेगळं

पिशवीतलं दूध तापवताना फाटलं तर त्याचं काय करायचं, हे पुण्यातल्या स्वयंपाकघरात कुणाला शिकवावं लागत नाही. आंबूस वास, बुळबुळीत पनीर, बुरशी आलेला पाव हे सगळं नासणं. ते नाकाला आणि बोटांना कळतं.

कंपनी माल परत मागवते तेव्हा भानगड बहुधा दुसरीच असते. साल्मोनेला, लिस्टेरिया असले जिवाणू पदार्थात असूनही रंग, वास, चव जशीच्या तशी राहू शकते. मसाल्याचंच बघा. कोरडा मसाला महिनोन्‌महिने नासत नाही. साल्मोनेला त्यात वाढत नाही, पण तग धरून राहतो. रश्शात घातलेला मसाला निदान उकळतो, भेळेवर भुरभुरलेला तसाच पोटात जातो. लिस्टेरिया तर फ्रिजच्या 4 अंशांतही वाढतो, आणि गर्भवतीच्या बाळाला त्याचा मोठा धोका.

‘उकळून घेतलं की झालं’ हेही पुरतं खरं नाही. स्टॅफिलोकोकस हा जिवाणू उकळल्यावर मरतो, पण त्याने आधी सोडलेलं विष उकळूनही टिकतं.

तेव्हा वास घेत बसू नका, चाखून तर मुळीच पाहू नका. ब्रँड, वजन, बॅच नंबर आणि तारीख कंपनीच्या माल परत मागवण्याच्या सूचनेशी ताडून पाहा. दूषितपणा बॅचभर सारखा पसरलेला नसतो, त्यामुळे शेजारच्यांना काही झालं नाही हा पुरावा नव्हे. आपली खरी अडचण डब्यांची: वाणसामान आणलं, डब्यात ओतलं, पाकीट कचऱ्यात! पाकिटावरचा बॅच नंबरचा तुकडा कापून डब्याला चिकटवायची सवय लावा. तो नसेल आणि ब्रँड तोच असेल, तर डबा रिकामा करणंच बरं.

पाकीट जुळलं तर न उघडता पिशवीत बांधून बिलासह दुकानात द्या. उघडलेलं असेल तर दोन पिशव्यांत बांधा, वर ‘खाऊ नये’ लिहा आणि कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना तसं सांगा. कुत्र्या-मांजरांनाही घालू नका. फ्रिजचा कप्पा आधी साबणाच्या गरम पाण्याने धुवा, मग 4 लिटर पाण्यात 15 मिली साधं ब्लीच घालून त्याने पुसा. दुकानदार हात झटकत असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. पाकिटावरचा 14 अंकी परवाना क्रमांक त्यात लिहा.