किम डील: पिक्सीजमधली आणि ब्रीडर्समधली

ब्रीडर्स या रॉक बँडच्या 'कॅननबॉल' या गाण्याच्या सुरुवातीची ती बेस गिटार (खर्जाचे स्वर देणारी गिटार) किम डीलने वाजवलीय, असं मला आजवर कितीतरी जणांनी ठामपणे सांगितलं आहे. तो बेस किमचा नाही, बँडमधल्या जोसेफिन विग्जचा आहे. गाणं किमचं, आवाज किमचा आणि किमची ओळख बेसवादक म्हणून. त्यामुळे गल्लत होते. पण जिचं नाव त्या बेससाठी घ्यायला हवं, ती बाजूलाच राहते याचं मला खरंच वाईट वाटतं.

घोळ दोन बँडमुळे होतो. किमने बेस वाजवला तो पिक्सीज या दुसऱ्या रॉक बँडमध्ये. १९८६ मध्ये बॉस्टनच्या एका साप्ताहिकात त्यांची जाहिरात आली: 'हस्कर डू' आणि 'पीटर, पॉल अँड मेरी' हे दोन्ही आवडणारा बेसवादक हवा. एकीकडे कर्कश पंक, दुसरीकडे सोज्वळ लोकगीतं. जाहिरातीला उत्तर दिलं एकट्या किमने, आणि तिने तोवर बेस वाजवलेलाच नव्हता. ओहायोतल्या डेटनची ही मुलगी घरी गिटार घेऊन गाणी रचायची. बेस तिने जुळ्या बहिणीचा, केलीचा, उसना घेतला.

पिक्सीजमध्ये गाणी मुख्य गायक ब्लॅक फ्रान्सिसची. किमकडे खर्ज सांभाळायचं काम. ते तिने फार थोड्या स्वरांत केलं. कडव्यात गिटार थांबते, ड्रम आणि बेस एवढंच उरतं, आणि तिचा सरळ, न डगमगणारा ठेका अख्खं गाणं पेलून धरतो. 'जायगँटिक' तर तिच्या बेसनेच उघडतं आणि गातेही तीच. तिने फ्रान्सिसबरोबर लिहिलेलं ते गाणं १९८८ मध्ये बँडचं पहिलं सिंगल ठरलं. 'व्हेअर इज माय माइंड'मागे दुरून येणारं 'ऊऽऽ' तिचंच. 'फाइट क्लब' या सिनेमाचा शेवट पाहिलेल्यांच्या ते कानात असेल. पहिल्या दोन रेकॉर्डांवर मात्र तिचं नाव शोधून सापडत नाही. तिथे 'मिसेस जॉन मर्फी' असं छापलंय. मर्फी हे तेव्हाच्या नवऱ्याचं आडनाव.

ब्रीडर्स हा तिचा स्वतःचा बँड. इथे ती गाणी लिहिते, गाते आणि गिटार वाजवते. १९९० च्या 'पॉड' या पहिल्या अल्बमवर बेस जोसेफिनचा. पुढे केलीही आली, मुख्य गिटारवर, आणि ती गिटार जवळजवळ बँडमध्येच शिकली. दोघी बहिणी एकत्र गातात तेव्हा कुठला आवाज कुणाचा, हे अनेक वर्षं ऐकूनही मला सांगता येत नाही.

आता 'कॅननबॉल' पुन्हा लावा, हेडफोनवर. आधी किमचा फाटलेला, विचित्र आवाज. मग ड्रमच्या काठ्यांची टकटक. मग एकटा बेस. त्यातला एक स्वर जरासा उतरलेला आहे. गिटार आत येतात आणि तोच स्वर जागेवर बसतो. जोसेफिनने आधी चुकीचा सूर धरला होता; सगळ्यांना ते आवडलं आणि चूक तशीच ठेवली. माझ्या मते त्या गाण्याचा जीव त्या अर्ध्या स्वरात आहे. ते ज्यात आहे, तो १९९३ चा 'लास्ट स्प्लॅश' हा अल्बम अमेरिकेत दहा लाखांवर खपला.

पिक्सीज त्याच वर्षी फुटला, २००४ मध्ये परत जमला, आणि २०१३ मध्ये किम त्यातून कायमची बाहेर पडली. त्याआधीच ती डेटनला परतली होती, आईवडिलांची काळजी घ्यायला. आईला अल्झायमर झाला होता. एकदा घरात जाता-येता आईने तिला थांबवून विचारलं, 'तू माझी का गं?' त्यातून 'आर यू माइन?' हे गाणं झालं. २०२४ च्या 'नोबडी लव्ह्ज यू मोअर' या तिच्या एकटीच्या अल्बममध्ये ते आहे. अगदी हळू, अंगाईसारखं गायलेलं.