ओव्हलच्या दोन कडा

राजाबाई टॉवरकडे पाठ करून मुंबईच्या ओव्हल मैदानात उभं राहिलं की समोर आर्ट डेको शैलीच्या, फिकट रंगांच्या इमारतींची एक रांग दिसते. उंची साधारण सारखी, कोपरे गोलसर, गच्च्या मैदानाकडे तोंड करून. पाठीमागचा टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला, समोरची रांग १९३० च्या दशकात उभी राहिली. मध्ये एका मैदानाचं अंतर आणि जवळजवळ साठ वर्षांचा काळ. ३० जून २०१८ रोजी युनेस्कोने या परिसरातल्या ९४ इमारतींना जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो या दोन्ही कडांना मिळून.

मैदान रिकामं राहिलं ते इंग्रजांच्या जुन्या किल्ल्यामुळे. तटबंदीसमोरची जागा मोकळी ठेवायची लष्करी पद्धत होती. १८६० च्या दशकात तट पाडले गेले, पूर्वेला विद्यापीठ आणि हायकोर्ट उभं राहिलं. पश्चिमेला मात्र रेल्वेचे रूळ होते आणि रुळांपलीकडे समुद्र. गाड्या तेव्हा चर्चगेटच्या पुढे कुलाब्यापर्यंत जात. १९३० च्या अखेरीस कुलाबा स्थानक बंद झालं.

हा समुद्र हटवण्याची बॅकबे योजना गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात धडाक्याने सुरू झाली. भरावाचे आठ भाग आखले होते. समुद्रात भिंत घातली, पण तिच्या दगडांतल्या फटींतून आत टाकलेला गाळ परत वाहून जाऊ लागला. खर्च फुगत गेला. वकील आणि काँग्रेसचे नेते खुर्शेद नरिमन यांनी या कारभारावर जाहीर आरोप केले, तेव्हा एका अधिकाऱ्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला आणि नरिमन निर्दोष सुटले. आठांपैकी चारच भाग त्या वेळी भरले गेले. पुढे त्याच किनाऱ्यावर आणखी भर पडली आणि नरिमन पॉइंट हे नाव आलं. फसलेल्या योजनेतून हाती आलेल्या त्या जमिनीवर मरीन ड्राइव्हची घरं उभी आहेत. तिथे फिरताना पायाखाली पूर्वी पाणी होतं हे मला दर वेळी आठवतं.

जमीन मिळाली तेव्हा तिच्यावर बांधायला नवं सामान हाताशी होतं: सिमेंट आणि लोखंडी सळ्या. दगडी कमानींशिवाय गच्ची भिंतीबाहेर काढता येऊ लागली, खिडक्यांवर लांबच लांब छज्जे ओढता आले. हे छज्जे नुसते दिसायला नाहीत. त्यांच्यामुळे दुपारचं ऊन आणि जुलैचा तिरका पाऊस घरात शिरत नाही. शैलीचं मूळ १९२५ च्या पॅरिसमधल्या प्रदर्शनात. 'आर्ट डेको' हे नाव खूप नंतरचं, १९६० च्या दशकात रूढ झालेलं. इथले छज्जे आमच्या हवेने घडवले.

आणि घडवणारे हात बहुतांशी इथलेच. मरीन ड्राइव्हवरचा कोपऱ्यावरचा सूना महल (१९३७) ग. बा. म्हात्रे यांचा. इरॉस सिनेमागृह (१९३८) सोराबजी भेडवारांचं. फोर्टातली न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची इमारत (१९३६) मास्टर, साठे आणि भुता या तिघांच्या कंपनीची. तिच्या दर्शनी भिंतीवर शेतकरी आणि कुंभार कोरलेले आहेत. समोरच्या फुटपाथवरून मान वर करून ती जरूर पाहावी. विमा कंपनीच्या भिंतीवर शेतकरी कोरणारं ते दशक मला फार आपलं वाटतं.

या इमारतींनी मुंबईला 'ब्लॉक' दिला. 'ते ब्लॉकमध्ये राहतात' असं जुनी माणसं म्हणत, तेव्हा त्यात बरंच काही असे. चाळीत नळ आणि संडास सामाईक. ब्लॉकमध्ये एक दार लावलं की सगळं आत. स्वयंपाकघराच्या इतक्या जवळ संडास ही कल्पना कित्येक घरांना सुरुवातीला पचली नव्हती. मग सवय झाली.

ही सवय मध्यमवर्गाला लागली ती मुख्यतः दादर-माटुंग्यात. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्याने उत्तरेकडे मोकळे प्लॉट पाडले. माहीम पार्क नावाच्या मैदानाला १९२७ मध्ये, महाराजांच्या जन्माच्या त्रिशताब्दीनिमित्त, शिवाजी पार्क नाव मिळालं. त्यासाठी नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांनी पुढाकार घेतला होता. मैदानाभोवतीची बुटकी घरं मुख्यतः त्याच्या पुढच्या दोन दशकांतली. मरीन ड्राइव्हची घरं लांबून, समुद्राच्या कठड्यावर बसून पाहायची. ही मात्र जवळ जाऊन पाहायची. फाटकाच्या जाळीत उगवत्या सूर्याचे किरण, भिंतीवर सिमेंटच्याच उठावाच्या अक्षरांत घराचं नाव, जिन्याच्या उभ्या काचेतून आत येणारा उजेड, पायरीच्या कडेला गुळगुळीत झालेला मोझॅक.

युनेस्कोची हद्द ओव्हल आणि मरीन ड्राइव्हपुरती आहे. शिवाजी पार्क तिच्या बाहेर, आणि तिथे पुनर्विकासाचे बोर्ड गल्लोगल्ली लागले आहेत. बघायचं असेल तर आधी तिकडे जावं, सकाळी लवकर, मैदानाची पूर्ण फेरी मारून मगच आतल्या गल्ल्यांत शिरावं. ओव्हलची रांग पुढच्या वर्षीही तिथेच असेल.