स्क्रीन काळी झाली, पंखे काय करतायत?

मे महिन्यात नाशिकला बहिणीकडे गेलो होतो. दुपारी जरा डोळा लागतोय तोच आतल्या खोलीतून हाक आली, "मामा, परत गेली!" भाच्याची गेमिंगची मशीन, म्हणजे कॉम्प्युटर. दोन आठवड्यांपासून हाच प्रकार चालला होता. गेम सुरू केला की पंधरा-वीस मिनिटांत स्क्रीन काळी. बाकी वेळी, म्हणजे व्हिडिओ बघताना किंवा प्रोजेक्ट लिहिताना (लिहिला तर), काहीच होत नाही.

जाऊन पाहिलं. स्क्रीन काळी होती, पण हेडफोनमधून गोळीबाराचा आवाज येतच होता. कीबोर्डचा कॅप्स लॉक दाबला तर त्याचा दिवा लागत-विझत होता. आणि ग्राफिक्स कार्डाचे (स्क्रीनवरचं चित्र रंगवणारा भाग) तिन्ही पंखे मिक्सर फिरवावा तसे किंचाळत होते. पाच-सात सेकंदांनी आवाज एकाच सुरावर अडकला आणि मग सगळं गप्प.

अशा वेळी बहुतेक जण पटकन बटण दाबून मशीन बंद करतात आणि तिथेच पुरावा पुसला जातो. स्क्रीन काळी होणं हे ताप येण्यासारखं आहे, कारणं दहा असू शकतात. स्क्रीन गेल्यावर काय काय जिवंत आहे, हे आधी बघायचं. अख्खी मशीन फटकन बंद पडली, तर एसएमपीएसने (घरची वीज घेऊन आतल्या भागांना पुरवणारा डबा) स्वतःला तोडून घेतलंय किंवा घरातली वीजच लचकली आहे. स्क्रीन काळी, पण गेम आत व्यवस्थित चालू आणि पंखे शांत, तर आधी केबल आणि मॉनिटर तपासा. ढिली डिस्प्लेपोर्ट केबल भल्याभल्यांना फसवते. दोनेक सेकंद काळोख होऊन डेस्कटॉप परत आला, तर ते विंडोजचं काम. ग्राफिक्स कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, पाडून पुन्हा उभा करते. ही सोय विंडोज व्हिस्टापासून आहे. तसा काळोख आपणहून हटत नसेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबून पाहावी, ड्रायव्हर नव्याने सुरू होतो.

आमच्याकडे चौथाच प्रकार होता: आवाज चालू, प्रोसेसर शुद्धीवर, पंखे सुसाट. याचा अर्थ मशीनची वीज गेलेली नाही, फक्त कार्ड बेशुद्ध पडलंय. पंख्यांना वेग सांगणारं कोणी उरलं नाही की बरीच कार्डं ते पूर्ण वेगाने सोडून देतात. चिप जळण्यापेक्षा आवाज बरा.

भाच्याचा संशय उन्हावर होता, आणि नाशिकच्या मे महिन्यात तो चुकीचा म्हणता येणार नाही. कॅबिनेट उघडून ब्लोअर मारला, चांगली मूठभर धूळ निघाली. फरक शून्य. मग तापमानाची नोंद ठेवणारा प्रोग्राम चालू करून त्याला खेळायला बसवलं. सतरा मिनिटांनी स्क्रीन गेली आणि नोंदीतला शेवटचा आकडा होता ७४ अंश. उष्णतेवर खटला चालवायला हा पुरावा पुरत नाही. हल्लीची कार्डं ८३-८५ अंशांच्या आसपास पोचली की आधी स्वतःचा वेग कमी करतात. गेम अडखळायला लागतो, फ्रेम (सेकंदाला स्क्रीनवर येणारी चित्रं) घसरतात. उष्णता अशी आधी कुरकुर करते, ती क्वचितच एका झटक्यात घाला घालते.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, लाल खूण होती: कर्नल-पॉवर, ४१. हा आकडा बघून एसएमपीएस बदलणारे लोक मला माहीत आहेत. ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट बंद झाली नव्हती. ती आपणच बटण दाबून बंद केलेली असते! ड्रायव्हर मुळापासून काढून नवा टाकणं, रॅमचं एक्सएमपी (तिला वाढीव वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करणं, दुसरी केबल लावणं हे सोपस्कारही करून झाले, एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्या की गुण कशाने आला ते कधीच कळत नाही.

मग एक फुकटचा प्रयोग केला. कार्डाची वीजमर्यादा सॉफ्टवेअरमधून ७० टक्क्यांवर आणली. तीनशे वॅटचं कार्ड आता २१० वॅटच्या वर जाणार नव्हतं. भाचा संध्याकाळी तीन तास खेळला आणि स्क्रीन जागची हलली नाही. मर्यादा परत १०० टक्के केली, तर बाविसाव्या मिनिटाला काळोख. चोर विजेच्या रस्त्यावर होता.

इथे कार्डाच्या पोटात डोकावायला हवं. २०२० साली आलेल्या एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०८० कार्डाच्या चिपवर २,८३० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. या जातीच्या चिप चालतात जेमतेम एक व्होल्टवर. आता शाळेतलं गणित: वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. चिपला २०० वॅट हवेत आणि दाब एकच व्होल्ट, तर प्रवाह २०० अँपिअर! घरातला एसीचा एमसीबी १६ किंवा २० अँपिअरला पडतो. एवढा प्रवाह लांबच्या तारेतून आणायचा तर मनगटाएवढी केबल लागेल. म्हणून एसएमपीएस १२ व्होल्ट पाठवतो आणि चिपला खेटून बसलेली सर्किटं त्याचा एक व्होल्ट करतात.

बरं, ही मागणी सरळ रेषेत नसते. एक फ्रेम रंगवून झाली की हजारो गणकं क्षणभर हात चोळत बसतात, पुढची फ्रेम आली की सगळी एकदम कामाला भिडतात. लग्नाच्या पंगतीत "वाढा!" म्हटल्यावर होते तशी गर्दी, सेकंदाला शंभर-दीडशे वेळा. त्या मिलिसेकंदात कार्डाची भूक सरासरीच्या दीडपट, कधी दुप्पटही होते. आपला नोंद घेणारा प्रोग्राम बघतो सेकंदातून एकदा. तासाला एक फोटो काढून दादरच्या फलाटावर किती लोकल येऊन गेल्या ते मोजण्यासारखं आहे हे. म्हणून नोंदीत सगळं आलबेल दिसतं आणि स्क्रीन तरी काळी होते.

हे उसळणं इतकं डोईजड झालं की २०२२ साली इंटेलने एटीएक्स ३.० हे नवं मानक काढलं. नव्या बारा अधिक चार पिनांची जोडणी देणाऱ्या मोठ्या एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहाहजारावा भाग, निमूट सोसला पाहिजे असं त्यात आहे.

गंमत म्हणजे कार्डाला सर्वात जास्त घाम फुटतो तो नेहमी लढाईतच असं नाही. जुलै २०२१ मध्ये 'न्यू वर्ल्ड' या खेळाच्या चाचणी आवृत्तीत काही महागडी कार्डं कायमची मेली, आणि तीही मेनूच्या साध्या पडद्यावर. मेनूत रंगवायला फारसं काही नसतं, त्यामुळे फ्रेमला आवर घातला नसेल तर कार्ड वेड्यासारखं फ्रेमवर फ्रेम काढत सुटतं. मेलेल्या काही कार्डांत सदोष सोल्डरिंग निघालं. म्हणजे घाव जुना होता, मेनूने फक्त खपली काढली. मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा, असेल तर फ्रेम १४० वर बांधून टाकाव्यात. डोळ्याला फरक कळत नाही, कार्डाला कळतो.

आमच्या मशीनचा एसएमपीएस ७५० वॅटचा, नावाजलेला. कागदावर भरपूर झाला. मग अडतंय कुठे? कॅबिनेटची मागची बाजू उघडली आणि दिसलं. कार्डावर आठ पिनांची दोन तोंडं होती, पण एसएमपीएसकडून केबल आली होती एकच. तिलाच पुढे दोन डोकी फुटलेली. जोडणाऱ्याने दुसरी केबल खोक्यातच ठेवली होती. दिसायला सुबक दिसतं हो.

हिशेब करू. तीनशेपैकी साधारण ६० वॅट कार्ड मदरबोर्डच्या स्लॉटमधून घेतं असं धरलं तर केबलमधून येणार २४०. बारा व्होल्टला ते झाले २० अँपिअर. केबलमध्ये १२ व्होल्टच्या तारा तीन, म्हणजे प्रत्येकीत पावणेसात. दोन स्वतंत्र केबली असत्या तर प्रत्येक तारेत याच्या निम्मा प्रवाह गेला असता, आणि तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे ती निम्मी नव्हे, चौथाई झाली असती. इथे एसएमपीएसकडच्या टोकाला तिन्ही पिनांवर पूर्ण भार होता.

मशीन बंद करून, मागची विजेची वायर काढून, थोडा वेळ थांबून ते टोक उपसलं. सहज यायला हवं होतं, ते चिकटल्यासारखं आलं. एका पिनेभोवतीचं काळं प्लॅस्टिक तपकिरी पडून ओठ उलटावा तसं वाकलं होतं, आणि आतलं चकाकतं धातूचं नळकांडं राखाडी झालं होतं. नाकाशी धरलं तर जुन्या इस्त्रीच्या वायरीसारखा वास. ती पिन बहुधा पहिल्यापासून अर्धवट बसली होती. अर्धवट स्पर्श म्हणजे जास्त रोध, त्यातून उष्णता, उष्णतेने धातूवर पुट, पुटाने आणखी रोध. ती थकली तसा तिचा भार शेजारच्या दोघींवर गेला, प्रत्येकी दहा अँपिअरकडे. कार्डाच्या तोंडाशी १२ व्होल्टचे भार असताना ११.५ उरत होते. मानकाची खालची हद्द ११.४. वर एखादी उसळी आली की दाब आणखी खचणार आणि कार्ड डोळे मिटणार. ७० टक्क्यांवर ते का टिकलं, हेही उलगडलं.

भाचा धूळ झाडत होता, मी ड्रायव्हर बदलत होतो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

खोक्यातली दुसरी केबल लावून भागलं असतं का? नाही. जळकी खूण एसएमपीएसच्या सॉकेटमध्येही उतरली होती. तो उघडून सॉकेट बदलायच्या भानगडीत घरी पडू नये. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये चारशेच्या आसपास व्होल्ट साठतात आणि वायर काढल्यावरही काही काळ राहतात. दुसऱ्या एसएमपीएसच्या केबली तर मुळीच लावू नयेत. कार्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, एसएमपीएसकडच्या टोकाचा पिनांचा क्रम मात्र प्रत्येक कंपनीचा वेगळा. बसायला बसते, आणि बटण दाबताच हार्ड डिस्कपासून सगळ्याचा धूर काढते.

एसएमपीएस वॉरंटीत बदलून मिळाला, दोन केबली वेगवेगळ्या ओढल्या, प्रत्येक टोक खट् वाजेपर्यंत दाबलं. वीजमर्यादा १०० टक्के. तीन तासांच्या नोंदीत १२ व्होल्टचा आकडा ११.९ च्या खाली उतरला नाही. तो भाच्याला दाखवायला गेलो, तर मान न वळवता म्हणाला, "मामा, दोन मिनिटं. शेवटची मॅच."