विडी, संशय आणि पैसा

तंबाखूने कर्करोग होतो हे सिद्ध करणारा भारतीय अभ्यासच नाही, असे 2015 मध्ये तंबाखूच्या पाकिटांवरील इशाऱ्याचे नियम तपासणाऱ्या संसदीय समितीचे अध्यक्ष दिलीप गांधी म्हणाले. ते तेव्हा नगरचे खासदार होते. पाकिटाच्या 85 टक्के भागावर चित्रमय इशारा छापण्याचा नियम त्या एप्रिलपासून यायचा होता, तो वर्षभर लांबला. त्याच समितीवर अलाहाबादचे खासदार श्यामाचरण गुप्ता होते. ते स्वतः विडी उद्योजक! आणि यात बेकायदा काही नव्हते, हीच खरी गोम.

भारतीय अभ्यास मात्र होता. साथरोगतज्ज्ञ प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्येच देशभरातील मृत्यू तपासून दाखवले होते, की विडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सुमारे 6 वर्षांनी घटते, बायकांचे 8. विडीत तंबाखू थोडी, म्हणून ती सौम्य, हा समज फसवा आहे. तेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नाही. विडी विझू नये म्हणून भराभर झुरके घ्यावे लागतात आणि कार्बन मोनॉक्साइड जास्त आत जातो.

पैसा निष्कर्षात कसा उतरतो, हे मोजताही येते. डेबोरा बार्न्स आणि लिसा बेरो या संशोधकांनी 1998 मध्ये दुसऱ्याच्या धुराच्या परिणामांवरचे 106 आढावा-लेख चाळले. तंबाखू उद्योगाशी संबंध असलेल्यांच्या 31 लेखांपैकी 29 म्हणत होते, अपाय नाही. बाकीच्या 75 पैकी असे म्हणणारे फक्त 10. लेखाचा दर्जा, विषय, वर्ष यांपैकी कशानेच हा फरक उलगडला नाही. उलगडला तो उद्योगाशी असलेल्या संबंधाने.

आपल्याकडे पैशाला प्रयोगशाळेची गरजही पडत नाही, कारण पुढे करायला विडी कामगार बाई असते. सोलापूरच्या पूर्व भागात ती मांडीवर सूप घेऊन पान कापते, जर्दा भरते, दोरा गुंडाळते. निकोटीन कातडीतूनही शरीरात शिरते, म्हणजे विडी न ओढताही तिला त्याचा वाटा मिळतो. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी परिषदेने सिगारेटसाठी 40 टक्के दर ठरवला आणि विडीचा 28 वरून 18 वर आणला. रोजगार वाचवायचा, हा युक्तिवाद जुनाच. तो खोटा आहे असे मी म्हणणार नाही, चूल खरोखर त्यावर पेटते. पण करात वाचलेले पैसे हजारी मजुरीत, म्हणजे हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीत जावेत, अशी अट त्या सवलतीला नाही.